भरती संपते तिथे : राजापूरची एक प्रदक्षिणा

राजापूरच्या वखारीविषयी मी बऱ्याच वर्षांपूर्वी एक चुकीचे वाक्य छापून ठेवले आहे. एका स्मरणिकेसाठी मजकूर हवा होता, वेळ कमी होता, आणि मी बिनदिक्कत लिहिले की इंग्रजांची जहाजे अर्जुना नदीतून थेट वखारीच्या पायऱ्यांना लागत. वाक्य दिसायला छान होते. पुढे ते दोन-तीन ठिकाणी उचलले गेले आणि मग माझे न राहता सगळ्यांचे झाले. आता कोणी माझ्यापुढेच ते ऐकवतो तेव्हा मान खाली घालण्यापलीकडे मला काही करता येत नाही.

ती चूक पकडली ती कागदपत्रांनी नव्हे. नदीपलीकडच्या तडीवर राहणारे, तरुणपणी मचव्यांवर खलाशी म्हणून राबलेले एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना सगळे चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणे. स्मरणिकेतला तो उतारा मी त्यांना कौतुकाने वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "भाऊ, कुठल्या उधाणाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. वखार कधी आली, कोणी लुटली, भरपाई किती ठरली हे सगळे मला पाठ होते. धक्क्याशी पाणी किती असते, ते मी पाहिलेच नव्हते. त्यानंतर मी राजापूरची प्रदक्षिणा सुरू केली. कोदवलीच्या काठाने खाली, बंदरधक्का, वखारीची जागा, मग अर्जुना ओलांडून उन्हाळे, पलीकडच्या काठाने कोंढेतड आणि पूल ओलांडून पुन्हा बाजारपेठेत. सकाळी लवकर निघालो तर रमतगमत दुपारच्या जेवणापर्यंत ती पुरी होते. वर्षातून चार-सहा वेळा तरी मी ती करतो, वेगवेगळ्या तिथींना. हा लेख त्या फिरण्यातून झालेला आहे.

सुरुवात जवाहर चौकातून करावी. राजापूरकराला पावसाळ्यात 'पाणी कुठपर्यंत आले?' असे विचारले तर उत्तर या चौकाच्या हिशेबात मिळते. चौकाला लागले, चौकातून पुढे सरकले, चौक सोडला. नगरपरिषदेचा भोंगा वाजला की व्यापारी खालच्या फळ्या रिकाम्या करू लागतात आणि माल माळ्यावर चढू लागतो. जुन्या दुकानांचे माळे एवढे प्रशस्त का, याचे उत्तर एका पावसाळ्यातच मिळते. नवी काही दुकाने मात्र माळ्याशिवाय बांधलेली आहेत, आणि पहिल्या पुरात त्यांचे मालक शेजाऱ्याच्या जिन्यावर उभे असतात.

पाणी इथे का चढते हे कोदवलीच्या काठाने चालताना कळते. ही तशी लहान नदी. उन्हाळ्यात तिच्यात दगड जास्त आणि पाणी कमी. शहराला वर्षानुवर्षे पाणी पाजणारे 'सायबाचे धरण' हिच्याच वरच्या अंगाला आहे. पण ती जाऊन मिळते अर्जुनेला, आणि अर्जुना थेट सह्याद्रीतून, अणस्कुऱ्याच्या बाजूने येते. घाटात धो धो कोसळले की अर्जुना भरून येते आणि कोदवलीचे पाणी तोंडाशीच अडते. त्याच वेळी खाडीतून भरती चढत असली तर अर्जुनेलाही वाट राहत नाही. मग फुगवटा मागे सरकतो आणि बाजारात शिरतो. म्हणून नुसता पाऊस किती मिलिमीटर झाला हे विचारून भागत नाही, त्या दिवशी तिथी कोणती होती हेही विचारावे लागते.

तिथीचा हिशेब मला चाचांनी शिकवला. किनाऱ्यावरच्या कोणाही जुन्या माणसाला तो येतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा खाडीच्या मुखाचा हिशेब झाला. आत यायला पाण्याला आणखी वेळ लागतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक अगदी थोडा असतो आणि राजापूरसारख्या ठिकाणी, जिथे खाडी संपून नदी सुरू होते, तिथे भरती आली काय आणि न आली काय, सारखेच वाटते.

असा भांगाचा दिवस धरून बंदरधक्क्यावर जाऊन उभे राहावे. समोर नदीचे पात्र, गाळाचे उंचवटे, मधून एक चिंचोळी धार. हे कधीकाळी कोकणातले नावाजलेले बंदर होते यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. समुद्र इथून पंधरा मैल लांब, जैतापूरला. पण 1880च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की अरबी गलबते ज्याच्याशी अजून थेट व्यापार करतात असे जिल्ह्यातले एकमेव बंदर राजापूर. आणि त्याच काळातली दुसरी नोंद अशी की थोड्याशा मोठ्या गलबतांनाही जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैल खालीच थांबावे लागते.

या दोन नोंदी मी कित्येकदा वाचल्या होत्या. बहुतेक लेखक पहिली घेतात आणि दुसरी सोडतात. मीही तेच केले होते. दोन्ही एकत्र वाचल्या तरच राजापूर कळते. मोठे तारू जैतापूरच्या आसऱ्याला किंवा खाडीत जिथवर पाणी पुरेल तिथवर; तिथून माल होड्या-पडावांत उतरवायचा आणि भरतीच्या जोरावर वर आणायचा. धक्क्याशी पोचलेला तांडेल माल उतरवून ओहोटी धरून निघाला नाही तर गाळात बसलाच. सगळे बंदर घड्याळाशिवाय पाण्याच्या वेळेवर चालत होते. मग एवढ्या अडचणीचे बंदर मोठे झाले कशाने? उत्तर नदीच्या वरच्या अंगाला आहे. अर्जुनेचे खोरे धरून वर गेले की अणस्कुरा घाट, तो चढला की मलकापूर, पन्हाळा, कोल्हापूर आणि पुढे विजापूरकडचा मुलूख. घाटावरून बैलांच्या पाठीवर आलेले मिरे आणि कापड जिथे पहिल्यांदा भरतीच्या पाण्याला भेटते, ती जागा म्हणजे राजापूर. जमीन जितकी समुद्राकडे पुढे न्यावी तितके बैलांचे भाडे वाढणार, म्हणून व्यापाऱ्याने होडी वर आणली. इतका हा साधा हिशेब आहे.

तो इंग्रजांनीही ओळखला. 1649-50च्या सुमारास त्यांची वखार इथे आली. तेव्हा राजापूर आदिलशाहीत होते. पुढे फ्रेंचांनीही इथे वखार घातली. इंग्रजांच्या वखारीची इमारत भक्कम दगडी, आवार थेट खाडीपर्यंत उतरलेले. ब्रिटिश अमलात तीत सरकारी कचेरी भरत असे. आज तिथे पडझडीतून उरलेल्या खुणांवर समाधान मानावे लागते. मी वखारीच्या जागेकडे नेहमी खालून, नदीच्या बाजूने येतो. वरून, रस्त्याने आले तर ती एक पडकी इमारत वाटते. खालून आले की तिची जागा लक्षात येते. शहर तिच्या वरच्या अंगाला चढत गेलेले, पुढे नदी, आणि समुद्र दृष्टिआड.

1660 साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता, तेव्हा या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन काही इंग्रजांना आणि दारूगोळा घेऊन पन्हाळ्यावर गेला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर गोळे टाकू लागला. शिवाजी महाराज त्या वेळी गडावर होते. पुढच्या वर्षी उंबरखिंडीत कारतलबखानाचा मोड करून महाराज दाभोळ, संगमेश्वर करीत खाली उतरले आणि मार्च 1661मध्ये राजापुरात आले. वखार लुटली गेली, द्रव्यासाठी तिची जमीन खणली गेली आणि रेव्हिंग्टन, गिफर्ड, रिचर्ड टेलर, रँडॉल्फ टेलर वगैरे मंडळी कैद झाली. वासोटा आणि मग महाडजवळचा सोनगड अशा त्यांच्या जागा बदलत गेल्या. आजारी रेव्हिंग्टनला आधी सोडले, पण तो लवकरच वारला. बाकीचे सुटले ते फेब्रुवारी 1663मध्ये.

हा पत्रव्यवहार 1931 साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' या नावाने छापला. माझे इंग्रजी शाळेपुरते. शब्दकोश उघडा ठेवून मी तो ग्रंथ दोन पावसाळ्यांत वाचला. त्यातले कैद्यांचे आणि सुरतकरांचे भांडण वाचण्यासारखे आहे. कैदी लिहितात, तुम्ही आमच्यासाठी काही करीत नाही. सुरतेचे वरिष्ठ उलट ऐकवतात की तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेला नाहीत, पन्हाळ्यावर जाऊन निशाण लावून गोळे टाकलेत, त्याचे हे फळ. आपल्याकडे या प्रकरणाची हकिगत 'राजापूरची लूट' या शब्दांवर संपते. त्यामागचे कारण शत्रूच्या वरिष्ठांनीच इतक्या स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले आहे, हे फार जणांना ठाऊक नसते.

पण मला या कागदांत सतावणारा प्रश्न निराळा होता. समुद्रावर ज्यांचा दरारा होता, त्या लोकांची माणसे राजापुरात पकडली जातात आणि त्यांचे एकही जहाज मदतीला का येत नाही? त्याचे उत्तर मला धक्क्यावर, भांगाच्या दिवशी, घोटाभर पाण्याकडे बघताना मिळाले. जहाजाची तोफ जैतापूरला. माणसे पंधरा मैल आत, गाळाच्या टोकाला. शिवाजी महाराज आले ते डोंगरातून, जमिनीने. वखार जिथे होती तिथे तिचे रक्षण समुद्राकडून करणे शक्यच नव्हते. हे माझे अनुमान आहे, कागदात असे वाक्य नाही. पण ही गोष्ट पुढे स्वराज्याच्या धोरणात उतरली, याला मात्र कागद आहे.

रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' साधारण 1715-16चे मानले जाते. टोपीकरांना वखारीसाठी जागा द्यायची वेळ आलीच तर कुठे द्यावी, याचा त्यात विचार आहे. समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये, असे अमात्य बजावतात. द्यायचीच तर राजापुरात फ्रेंच होते तशी, नामांकित मोठ्या शहरात द्यावी. तीही शहरालगत सखल जागा बघून, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. मी हे प्रकरण आधी कितीतरी वेळा वाचले होते. 'राजापूर' हे नाव मला तिथे नुसते उदाहरण वाटले होते. प्रदक्षिणा सुरू झाल्यावर कळले की त्या माणसाने ही जागा पाण्याच्या अंगाने ओळखली आहे. परक्याला अशा ठिकाणी बसवा जिथे त्याला व्यापार करता येईल, पण त्याचे गलबत त्याच्या दाराशी येणार नाही. आणि मी, तीनशे वर्षांनी, नेमके गलबत दाराशी आणून बांधले होते.

1674च्या जून महिन्यात हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा राजापूरच्या नुकसानीपोटी 10,000 होन देण्याचे ठरले आणि वखार पुन्हा उघडायला परवानगी मिळाली. ती उघडली, पण तिचे काही चालले नाही आणि काही वर्षांतच तिने गाशा गुंडाळला. पुढे 1713ला राजापूर आंग्र्यांकडे, 1756ला पेशव्यांकडे आणि 1818ला इंग्रजांकडे गेले. या पुढच्या काळाबद्दल सांगण्यासारखे कमी नाही, पण प्रदक्षिणेच्या वाटेवर ते फारसे दिसत नाही.

वखारीकडून वर येऊन हमरस्ता धरावा आणि अर्जुना ओलांडून उन्हाळ्याकडे जावे. आता चौपदरी महामार्गाचा नवा पूल इतका उंचावरून जातो की त्यावरून जाणाऱ्याला खाली नदी आहे आणि नदीकाठी गाव आहे, याची जाणीवही होऊ नये. उन्हाळ्याचे कढत पाण्याचे झरे आणि वर गंगेची चौदा कुंडे यांच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी पुन्हा लिहीत नाही. मोरोपंतांनी या गंगेवर काव्य रचले, एवढी तिची कीर्ती. साधारण तीन वर्षांनी येणारी गंगा अलीकडे आपले वेळापत्रक मोडते, यावर गावात दरवेळी चर्चा होते आणि दरवेळी निर्णय लागत नाही. मी आपला गरम पाण्याखाली पाय मोकळे करतो, बरोबर आणलेले घावणे खातो आणि कोंढेतडच्या वाटेला लागतो.

राजापूर पाहावे ते या पलीकडच्या काठावरून. चढाच्या अरुंद गल्ल्या, एकाच्या डोक्यावर एक अशी कौलारू घरे, मधून मधून डोकावणारी स्लॅबची गच्ची, आणि सगळ्यांच्या खाली, पाण्यालगत, बाजार. गॅझेटिअरकाराला हे कोकणातले सर्वांत जुने दिसणारे आणि उत्तम टिकलेले शहर वाटले होते. फरसबंद आणि वरून छप्पर घातलेल्या बाजारपेठांचे त्याला अप्रूप होते. कोंढेतडच्या काठावर उभे राहिले की एक गोष्ट सहज दिसते. राहायची घरे वर चढत गेली आणि बाजार मात्र खाली राहिला. तो खाली राहिला तो होडी जिथे लागे तिथे. होडी गेली. आगबोटींच्या काळात उतारू आणि माल जैतापूर-मुसाकाजीलाच चढू-उतरू लागले, पुढे मोटारींचे रस्ते झाले, आणि कोकण रेल्वे आली तीही शहरापासून चांगलीच दूरवरून. बाजार मात्र ज्या पाण्यासाठी खाली बसला होता ते पाणी गेल्यावरही तिथेच बसून राहिला. आता ते पाणी वर्षातून काही दिवसच येते आणि माल आणत नाही, भिजवते.

मधल्या काळात गाळ वाढला. डोंगरांवरची झाडी तुटली, जांभ्याच्या कातळावरची माती वाहून आली, अलीकडे रस्त्यांच्या खोदाईचा भराव आला. गेल्या काही वर्षांत दोन्ही नद्यांतला गाळ उपसायचे काम हाती घेतले गेले आणि त्याचा गुण बाजाराला आला, हे नाकारता येणार नाही. दुकानात कंबरभर पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाला इतिहासाचे पुराण सांगू नये, एवढी अक्कल मला आहे. पूररेषेचा प्रश्न याहून अवघड. निळ्या-लाल रेषांनी जुन्या पेठेतली दुरुस्ती आणि नवे बांधकाम दोन्ही अडते, आणि दुरुस्ती अडली की जुने घर पडायची वाट बघत बसते. रेषा चुकीच्या आहेत असे मी म्हणत नाही. पाणी तिथवर येते हे मी स्वतः पाहिले आहे. पण त्या रेषेच्या आत कोकणातल्या एका सर्वांत जुन्या बाजाराचे जवळजवळ सगळे पुरावे आहेत.

माझी विनंती एवढीच आहे, आणि ती मी संबंधितांकडे लेखी दोनदा केली आहे. यंत्र धक्क्याजवळ लावण्याआधी एक दिवस द्यावा. धक्क्याचा दगड किती थर खाली जातो, शेवटची पायरी कुठे आहे, ती कोणत्या पाण्याच्या पातळीला आहे, याचे मोजमाप करून नकाशावर घ्यावे. ही मोजणी झाली तर गाळ किती भरला आहे हे समजेल. उपसणाऱ्यांनाही, किती खोल जायचे, याचा एक जुना दाखला मिळेल. शिवाय तीनशे साठ वर्षांपूर्वी या धक्क्याला कोणती होडी लागू शकत होती, हे अंदाजाने सांगावे लागणार नाही. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही. दुसऱ्याच्या पोचपावतीवर माझे नाव चुकीचे आहे.

तोवर मी आपले माझ्या परीने करतो. खिशात गवंड्याची दोरी असते, तिला हातभर अंतरावर गाठी मारल्या आहेत. उधाणाच्या भरतीला धक्क्याच्या कडेपासून पाणी किती गाठी खाली, भांगाला किती, हे वहीत टिपतो. शेजारी तिथी आणि वेळ. नऊ वर्षांच्या नोंदी आहेत. मधली दोन वर्षे थोडी तुटक आहेत, कारण तेव्हा गुडघ्याने दगा दिला होता. पहिल्या काही पानांवरच्या नोंदींत भरतीच्या वेळा माझ्या नसून चाचांनी घरी बसून सांगितलेल्या आहेत. मी धक्क्यावर जाऊन ताडून पाहायचो आणि फरक सहसा दहा-पंधरा मिनिटांच्या आत असायचा. चाचा आता नाहीत. त्यांना वाचून दाखवायचा राहिलेला दुरुस्त मजकूर असा : इंग्रजांची जहाजे जैतापूरला थांबत, तिथून होड्या उधाणाच्या भरतीला राजापूरच्या धक्क्याला लागत आणि ओहोटीबरोबर परत जात.